गोळीच्या आंतलें घड्याळ

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या घरांतील औषधांचा डबा उघडून पाहिला, तर त्यांत निदान एक तरी स्ट्रिप अशी सांपडेल, कीं जिच्यावर औषधाच्या नांवापुढें दोन रोमन अक्षरें छापलेलीं आहेत. कोठें एस. आर., कोठें ई. आर. किंवा एक्स. आर., कोठें सी. आर., तर कोठें डी. आर. औषधाचें नांव आपण वाचतों, गोळी किती मिलिग्रॅमची आहे तेंही पाहतों. पण हीं दोन अक्षरें बहुधा कोणी वाचीत नाहीं. मीही वाचीत नसें. पस्तीस वर्षें मुलांना ‘प्रत्येक अक्षर नीट वाचा’ असें बजावण्यांत घालविलेल्या माणसानें हें कबूल करणें लाजिरवाणें आहे. परंतु आजच्या भाषणाचें मूळ त्या चुकींतच असल्यामुळें ती सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सारे अक्का म्हणतों. रक्तदाबासाठीं तिला निफेडिपिन नांवाच्या औषधाची, दिवसांतून एकदांच घ्यावयाची गोळी चालू होती. एकदां घसा सुजल्यामुळें तिला गिळणें जड जाऊं लागलें. लहानपणापासून आमच्या घरांत मात्रा उगाळून मधांतून चाटवितांना मीं पाहिलें होतें. तेंच मीं केलें. खलांत गोळी बारीक कुटली, मधांत कालविली आणि अक्काला चाटविली. अर्ध्यापाऊण तासांत तिचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडूं लागली, आणि उठून उभी राहतांच तिच्या डोळ्यांपुढें अंधारी आली. डॉक्टर धांवत आले. त्यांनीं रक्तदाब पाहिला, तिला आडवी निजवून पायांखालीं उशा दिल्या, आणि माझ्याकडे वळून एकच प्रश्न विचारला, “गोळी कशी दिलीत?” मीं सांगितलें. ते म्हणाले, “मास्तर, तुम्हीं चोवीस तासांचें औषध एका तासांत दिलेंत!”

अक्का त्या दुखण्यांतून बरी झाली. पण डॉक्टरांचें तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. औषध तेंच, वजन तेंच, रोगी तोच. बदलला होता तो केवळ औषध रक्तांत उतरण्याचा वेग. आणि तेवढ्यानें औषधाचें विष होण्याची वेळ आली होती. म्हणजे हा वेग हाही औषधाचाच एक भाग असला पाहिजे. तो गोळींत बांधून ठेवतात तरी कसा, हें मीं पुढें सवडीनें समजून घेतलें. तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम साधी गोळी पोटांत गेल्यावर काय होतें तें पाहूं. ती जठरांतील पाण्यानें फुटते, तिचा चुरा होतो आणि चुऱ्यांतील औषध विरघळतें. विरघळलेलें औषध मुख्यतः लहान आंतड्याच्या भिंतींतून रक्तांत जातें. तें रक्तांत जाऊं लागतें न लागतें तोंच यकृत आणि मूत्रपिंडें तें बाहेर टाकण्याच्या उद्योगाला लागतात. शरीराच्या दृष्टीनें औषध हा परका पाहुणा; त्याला दारापर्यंत पोंचविण्याचें काम अखंड चालू असतें.

या बाहेर टाकण्याचा एक नियम आहे. बहुतेक औषधांच्या बाबतींत, रक्तांत जितकें औषध असेल त्याच्या निम्मे औषध एका ठराविक काळांत नाहींसें होतें. उरलेल्याच्या निम्मे पुढच्या तितक्याच काळांत. आणि असेंच पुढें. या काळाला अर्धायुकाल म्हणतात. निफेडिपिनचा अर्धायुकाल सुमारें २ तास आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनचा रक्तांतील अर्धायुकाल सुमारें ६ तास आहे.

आतां दोन रेघा कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. खालच्या रेघेखालीं औषध उतरलें म्हणजे त्याचा उपयोग होत नाहीं. वरच्या रेघेच्या वर गेलें म्हणजे अपाय होतो. कांहीं औषधांच्या बाबतींत या दोन रेघांमधील पट्टा पुष्कळ रुंद असतो, तर कांहींच्या बाबतींत फार अरुंद. दम्यावरील थिओफिलिन या औषधाचें उदाहरण घ्या. एक मिलिलिटर रक्तद्रवांत त्याचें प्रमाण १० ते २० मायक्रोग्रॅम असावें असें वैद्यकांत पुष्कळ वर्षें मानीत आले. २० च्या वर गेलें कीं मळमळ, वांत्या, धडधड आणि फारच वाढल्यास फेंफऱ्यासारखे झटके येतात. म्हणजे उपयोगी प्रमाणाच्या दुप्पट होण्यापूर्वींच धोक्याची हद्द लागते.

येथें कोणी म्हणेल, औषध लौकर संपतें तर एकदम मोठी मात्रा द्यावी. चार तास पुरतें तें आठ तास पुरेल. वर्गांत असें उत्तर आलें असतें तर मीं त्या मुलाला फळ्याजवळ बोलाविलें असतें. चला, आपणही गणित मांडून पाहूं. अर्धायुकाल २ तासांचा धरूं. औषध दिलें तेव्हां रक्तांत ८ भाग झालें, आणि २ भागांच्या खालीं तें निरुपयोगी आहे असें समजूं. दोन तासांनीं ८ चे ४ झाले, चार तासांनीं २. म्हणजे चार तास काम झालें. आतां मात्रा दुप्पट करूं. १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २. लागले सहा तास. मात्रा दुप्पट केली, पण मिळाले अवघे दोन तास अधिक! अशा रीतीनें चोवीस तास काढावयाचे म्हटलें तर आरंभीं ८ ऐवजीं ८,१९२ भाग, म्हणजे १,०२४ पट औषध द्यावें लागेल. रोगी तें पचवूं शकणार नाहीं हें सांगावयास डॉक्टर नको.

तेव्हां मार्ग दोनच उरतात. एक तर दर चार तासांनीं, रात्रींही उठून, गोळी घ्यावयाची. नाहीं तर औषध एकदांच द्यावयाचें, परंतु तें शरीरांत हळूहळू उतरेल अशी तजवीज करावयाची. दुसऱ्या मार्गाची कल्पना आपल्या देवघरांत अथवा शिवालयांत पूर्वींपासून आहे. पिंडीवर घागर एकदम ओतली तर पाणी क्षणांत वाहून जातें. तेंच पाणी अभिषेकपात्रांत भरलें तर थेंबथेंब गळत राहून पिंडी दिवसभर ओली ठेवतें. शरीरांतून जितकें औषध बाहेर जातें, तितकेंच वरून थेंबथेंब मिळत राहिलें, तर रक्तांतील प्रमाण दोन रेघांच्या मध्यें स्थिर राहील. औषधनिर्मितीशास्त्राचा खटाटोप आहे तो हें अभिषेकपात्र गोळीएवढें लहान करून पोटांत पाठविण्याचा.

या खटाटोपाच्या दोन शाखा आहेत. एकींत औषध उशिरां सोडावयाचें असतें, तर दुसरींत सावकाश. दोहोंत फरक आहे, म्हणून क्रमानें पाहूं.

उशिरां सोडण्याची कल्पना अधिक जुनी. जर्मनींतील हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गर्सन उन्ना यांनीं १८८४ सालीं गोळ्यांवर केराटिनचा लेप देण्याची युक्ति प्रसिद्ध केली. केराटिन म्हणजे ज्या द्रव्याचीं शिंगें, नखें आणि केंस बनलेले असतात तें द्रव्य. हेतु असा, कीं गोळी जठरांत न विरघळतां आंतड्यांत जाऊन विरघळावी. केराटिनचा लेप भरंवशाचा ठरला नाहीं. पण कल्पना टिकली. पुढें या कामीं लाखेचा उपयोग होऊं लागला. आपल्याकडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी लाख करतात, जिच्या बांगड्या होतात आणि जिनें लखोटे बंद केले जात, तीच ही लाख. तिचा गुण असा, कीं ती आम्लांत विरघळत नाहीं. आम्लता गेली म्हणजे मात्र विरघळूं लागते.

ही गोष्ट उपयोगी कां पडते? आपलें रिकामें जठर अतिशय आम्ल असतें. रसायनशास्त्रांतील सामूच्या मापानें त्याचा सामू सुमारें १ ते ३ असतो. लहान आंतड्यांत तो ६ च्या आसपास येऊन पुढें ७ च्याही वर जातो. म्हणजे गोळी कोठें पोंचली आहे हें तिला सांगणारी खूण निसर्गानेंच तेथें ठेवली आहे. आतां लाखेपेक्षां अधिक भरंवशाचीं कृत्रिम द्रव्यें मिळतात, आणि नेमक्या कोणत्या सामूला लेप विरघळावा हेंही ठरवितां येतें. अशा गोळ्यांवर डी. आर., किंवा ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ असें छापलेलें असतें.

याचें सुंदर उदाहरण म्हणजे पित्तावर सर्रास घेतलें जाणारें ओमेप्राझोल. स्वीडनमध्यें शोधलेलें हें औषध १९८८ सालीं बाजारांत आलें. जठरांतील आम्ल उत्पन्न करणाऱ्या पेशींचें काम तें बंद पाडतें. गंमत अशी, कीं ज्या आम्लावर त्याची मोहीम, त्याच आम्लांत तें स्वतः नष्ट होतें! म्हणून त्याच्या बारीक दाण्यांना आम्लांत न विरघळणारें कवच घालून जठरांतून सुखरूप पार करावें लागतें. कवच आंतड्यांत उतरतें, औषध रक्तांत शिरतें, आणि रक्ताबरोबर फिरून मागच्या दारानें जठराच्या भिंतींत येऊन पोंचतें. असे दाणे कोणीं चावून खाल्ले, तर तें औषध लढाईच्या आधींच कामास येईल.

ॲस्पिरिनवरही असा लेप देतात. तेथें हेतु उलट आहे. जठरापासून औषधाचें रक्षण करावयाचें नसून औषधाच्या थेट स्पर्शापासून जठराचें करावयाचें असतें. मात्र यानें ॲस्पिरिन निर्धोक झालें असें समजूं नये. रक्तांत गेल्यावर तें जठराच्या अस्तराला दुर्बळ करतेंच. लेप असला तरी व्रण आणि रक्तस्राव यांचें भय उरतें.

आतां दुसरी शाखा, सावकाश सोडण्याची. हिच्या मुख्य तीन रीती आहेत, आणि तिन्हींसारख्या गोष्टी आपल्या स्वयंपाकघरांत आहेत.

पहिली रीत सब्जाच्या बियांची. सब्जा पाण्यांत टाकला कीं प्रत्येक बीभोंवतीं बुळबुळीत गर धरतो. लांकूड व कापूस ज्या सेल्युलोजचे बनतात, त्यापासून तयार केलेलें हायप्रोमेलोज नांवाचें द्रव्य असेंच वागतें. औषध आणि हें द्रव्य एकत्र दाबून गोळी केली, म्हणजे पोटांत गेल्यावर तिच्या पृष्ठभागावर गराचा थर बनतो. गोळी फुटत नाहीं, फुगते. आंतील औषधाला त्या गरांतून वाट काढीत बाहेर यावें लागतें, आणि बाहेरचा गर झिजला कीं आंत नवा तयार होतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या बहुधा अशा असतात. साध्या मेटफॉर्मिनचें रक्तांतील प्रमाण दोन ते तीन तासांत शिगेस पोंचतें. या गोळीचें सुमारें सात तासांनीं. त्यामुळें ती रात्रींच्या जेवणाबरोबर एकदांच घेतली तरी चालते, आणि पोटाच्या तक्रारीही पुष्कळांना कमी होतात.

या रीतीचें गणितही बसविलें गेलें आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ताकेरू हिगुची यांनीं १९६१ सालीं, मलमांतून औषध कसें सुटतें याचा विचार करतांना, एक नियम मांडला: सुटलेलें औषध काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतें. एका तासांत एक भाग सुटला तर दोन भाग सुटावयास चार तास, आणि तीन भाग सुटावयास नऊ तास. कारण बाहेरचें औषध आधीं निघून जातें, आणि आंतल्याला दरवेळीं अधिक लांबचा रस्ता चालावा लागतो. हाच नियम पुढें गोळ्यांनाही लावण्यांत आला. गरांतून औषध सुटतें तेव्हां आरंभीं वेग अधिक आणि पुढें कमी कां, याचा यावरून उलगडा होतो.

दुसरी रीत संक्रांतीच्या हलव्याची. तीळ किंवा खसखस परातींत घेऊन मंद आंचेवर तिच्यावर पाकाचे थर देत गेलें म्हणजे कांटेरी हलवा तयार होतो. थर जितके अधिक, तितका दाणा विरघळण्यास वेळ अधिक. फिलाडेल्फियाच्या स्मिथ, क्लाईन अँड फ्रेंच या कंपनीनें १९५२ सालीं ‘स्पॅन्स्युल’ नांवाची कॅपसूल बाजारांत आणली, तिचें तत्त्व हेंच. साखरेच्या बारीक दाण्यांवर औषध चढवावयाचें, आणि त्यावर मेणासारख्या द्रव्याचे कमीअधिक जाडीचे लेप द्यावयाचे. एकाच कॅपसुलींत शेंकडों दाणे. कांहीं लगेच विरघळणारे, कांहीं तासानें, कांहीं चार तासांनीं. त्याच सुमारास डेल वुर्स्टर यांनीं विस्कॉन्सिन येथें दाणे हवेच्या झोतावर तरंगत ठेवून त्यांवर लेप देण्याची रीत काढली, त्यामुळें लेपाची जाडी सारखी राखणें सोपें झालें. या रीतीचा मोठा लाभ असा, कीं शेंकडों दाण्यांतला एखादा बिघडला तरी सारें काम बिघडत नाहीं.

तिसरी रीत मनुकांची, आणि ती सर्वांत चतुराईची. मनुका पाण्यांत टाकली कीं फुगते. तिच्या सालींतून पाणी आंत जातें, साखर मात्र तितक्या सहजपणें बाहेर येत नाहीं, म्हणून आंतला दाब वाढतो. १९५५ सालीं ऑस्ट्रेलियांत रोझ आणि नेल्सन यांनीं मेंढ्या व गुरें यांच्या आंतड्यांत औषध सावकाश सोडण्यासाठीं या दाबावर चालणारा एक लहानसा पंप केला. पुढें कॅलिफोर्नियांतील आल्झा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं तो गोळीच्या आकारांत आणून दाखविला. गोळीवर फक्त पाणी आंत घेणारा घट्ट पापुद्रा असतो, आणि त्याला प्रकाशाच्या अतितीव्र किरणानें, म्हणजे लेसरनें, केंसासारखें बारीक भोंक पाडलेलें असतें. पुढच्या सुधारणेंत आंत दोन थर आले; वर औषध, खालीं पाणी पिऊन फुगणारें द्रव्य. पाणी जसजसें आंत जातें तसतसा खालचा थर फुगतो आणि औषधाला पिचकारीच्या दट्ट्यासारखा त्या भोंकांतून बाहेर ढकलतो. पाणी आंत येण्याचा वेग ठरलेला, म्हणून औषध सुटण्याचा वेगही बराच काळ एकसारखा राहतो. येथें वर्गमूळाचा नियम मागें पडला. निफेडिपिनची अशी चोवीस तासांची गोळी अमेरिकेंत १९८९ सालीं आली.

हें एवढें घड्याळ पोटांत चालून संपलें म्हणजे रिकामें कवच शौचावाटे बाहेर पडतें. तें पाहून पुष्कळ लोक घाबरतात. ‘गोळी जशीच्या तशी पडली, औषध लागलेंच नाहीं’ असें समजून दुसरी गोळी घेतात. तसें करूं नये. अभिषेक संपल्यावर पात्र उरणारच. त्यांतलें पाणी केव्हांच गळून गेलेलें असतें. मेटफॉर्मिनच्या गोळीचाही मऊ गोळा असा कधीं कधीं दिसतो.

आतां आपण विचाराल, चोवीस तासांची गोळी होते तर आठवड्याची कां होऊं नये? अडचण गोळीची नाहीं, आंतड्याची आहे. आपली अन्ननलिका ही रेल्वेसारखी आहे. गाडी कोठेंही फार वेळ थांबत नाहीं. जठरांत गोळी अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत राहूं शकते. पोट भरलेलें असल्यास अधिक. लहान आंतडें मात्र ती सुमारें तीन ते चार तासांत ओलांडते. पुढें मोठ्या आंतड्यांत तिला पुष्कळ वेळ मिळतो; पण तेथें पाणी कमी, आणि सर्वच औषधें तेथून शोषलीं जात नाहींत. मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आंतड्यांतूनच शोषलें जातें. म्हणून ती गोळी जेवणाबरोबर घ्यावयास सांगतात, कीं भरलेल्या जठरांत तिनें थोडें रेंगाळावें. जुलाब होत असतांना किंवा आंतड्याचा भाग शस्त्रक्रियेनें काढलेला असतांना अशा गोळ्यांचा हिशेब चुकतो, याचेंही कारण हेंच.

श्रोतेहो, येथपर्यंत यंत्राचें कौतुक झालें. पण ज्या यंत्रांत चोवीस तासांचा सांठा भरलेला आहे, त्याचें दार तुटलें तर काय होईल, हेंही समजलें पाहिजे. साध्या गोळींत चार-सहा तासांपुरतें औषध असतें. ती कुटली तर फारसें बिघडत नाहीं. दीर्घकाळच्या गोळींत सबंध दिवसाचें असतें. ती कुटली कीं धरणाची भिंतच फुटली! २००३ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत अमेरिकेंतील एक प्रकरण प्रसिद्ध झालें. त्यांत निफेडिपिनची दीर्घकाळची गोळी कुटून, दुसऱ्या एका रक्तदाबाच्या औषधाबरोबर, नळीवाटे रुग्णाला देण्यांत आली होती. तो रुग्ण दगावला. मीं अक्काला चाटविलेली गोळी आणि ही गोळी यांत प्रकाराचा फरक नव्हता, दैवाचा होता. तें वाचलें त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

दार केवळ खलबत्त्यानेंच तुटतें असें नाहीं. हायड्रोमॉर्फोन या वेदनाशामक औषधाची चोवीस तासांची कॅपसूल अमेरिकेंत २००५ सालीं बाजारांतून काढून घ्यावी लागली, कारण मद्याबरोबर घेतल्यास तिच्यांतील औषध एकदम सुटतें असें दिसून आलें. ऑक्सिकोडोनच्या दीर्घकाळच्या गोळ्या व्यसनी लोक मुद्दाम कुटून घेऊं लागले. त्यांत अनेकांचे प्राण गेले. शेवटीं २०१० सालीं ती गोळी कुटण्यास कठीण अशी नव्यानें घडवावी लागली. आणि कधीं दोष यंत्राचाही असतो. इंडोमेथासिन या औषधाची पंपाच्या तत्त्वावरील गोळी १९८३ सालीं ब्रिटनमध्यें मागें घेण्यांत आली. आंतड्याला इजा आणि छिद्रें झाल्याचीं उदाहरणें घडलीं होतीं. औषध सावकाश सोडणें चांगलें, पण तें एकाच जागीं तीव्रपणें सोडणें चांगलें नव्हे, हा धडा त्यांतून मिळाला.

यावरून घरांत पाळावयाचे चार नियम सांगतों. ते वहींत लिहून ठेवण्याजोगे आहेत.

पहिला. नांवापुढें वरच्यासारखीं अक्षरें असलेली गोळी आख्खी, पाण्याबरोबर गिळावी. ती चावूं नये, कुटूं नये, पाण्यांत विरघळवूं नये, आणि विचारल्यावांचून तिचे तुकडे करूं नयेत. येथें अपवाद आहेत. मेटोप्रोलोल सक्सिनेटच्या कांहीं दीर्घकाळच्या गोळ्या लेप दिलेल्या अनेक बारीक दाण्यांच्या बनलेल्या असून त्यांवर मध्यें रेघ असते. त्या रेघेवर मोडतां येतात, पण चावतां येत नाहींत. कांहीं कॅपसूल उघडून त्यांतील दाणे मऊ अन्नावर घालून न चावतां गिळतां येतात. अपवाद कोणता हें मात्र डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारावें. डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं. सगळ्या अक्षरांचा अर्थही एक नसतो, एम. डी. असें लिहिलेली गोळी तोंडांतच विरघळावी म्हणून केलेली असते. अक्षरें दिसलीं कीं विचारावें, हें सर्वांत उत्तम.

दुसरा. ज्याला गिळतां येत नाहीं, किंवा ज्याला नळीवाटे अन्न दिलें जातें, त्याच्यासाठीं ही गोष्ट डॉक्टरांस आधींच सांगावी. बहुधा पातळ औषध, साधी गोळी थोड्या थोड्या वेळानें, किंवा दुसरें एखादें औषध देतां येतें. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांची सेवा सून, मुलगी अथवा नातवंडें करीत असतात. कुटून देण्यांत त्यांचें प्रेमच असतें. म्हणून ही गोष्ट त्यांच्या कानांवर अगत्य घालावी.

तिसरा. साधी गोळी आणि दीर्घकाळची गोळी, नांव आणि मिलिग्रॅम एकच असले तरी, एकमेकींच्या जागीं आपल्या मनानें घेऊं नये. दुकानांत एक मिळाली नाहीं म्हणून दुसरी आणली, तर दिवसाचा सारा हिशेब बदलतो. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळीं दोन गोळ्याही घेऊं नयेत.

चौथा. सावकाश तें नेहमीं चांगलें असें नाहीं. तांतडीच्या प्रसंगीं लौकर लागू होणारें औषधच हवें असतें. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असतां डॉक्टर जेव्हां ॲस्पिरिन चावून खावयास सांगतात, तेव्हां त्यांना साधें ॲस्पिरिन अभिप्रेत असतें. लेप दिलेली गोळी गिळून तेथें उशीर होईल.

अक्का आतां बरी आहे. तिची गोळी पुढें डॉक्टरांनीं बदलून दिली, आणि ती आतां घड्याळाकडे पाहून आख्खी गिळते. गिळण्यापूर्वीं स्ट्रिप माझ्या हातांत देऊन म्हणते, “वाच रे, काय लिहिलें आहे तें मोठ्यानें.” मी विद्यार्थ्यासारखा वाचून दाखवितों. आपणही आज रात्रीं घरांतला औषधांचा डबा उघडून नांवापुढचीं अक्षरें एकदां मोठ्यानें वाचावींत, एवढीच विनंती करून आपली रजा घेतों.